रेझर मृदू हवा, पण कामाचाही



आज स्वयंपाकघर सोडून जरा न्हाणीघराकडे वळू. घरातल्या पुरुषांनी दाढीसाठी कोणता रेझर वापरावा, याबद्दल मला काही म्हणायचं आहे. "दाढी त्यांची, रेझर त्यांचा, आपलं त्यात काय?" असं काही जणी म्हणतील. पण महिन्याच्या यादीत ब्लेड, दाढीचा साबण, आफ्टरशेव्ह कोण लिहितं? बहुतेक घरांत आपणच. बिस्किटाचा पुडा चारही बाजूंनी वाचल्याशिवाय आपण घेत नाही. चीजमध्ये रेनेट कसलं, जेलीत जिलेटिन आहे का, केकमध्ये अंडं आहे का, हे विचारून विचारून दुकानदाराला नकोसं करतो. दाढीचं सामान मात्र जाहिरातीतला गुळगुळीत चेहरा बघून टोपलीत टाकतो.

माझं मत आधीच सांगते. आपल्यासारख्या घरात एका ब्लेडचा, धातूचा, साधा सेफ्टी रेझर असावा. तो मृदू असावा, म्हणजे कातडीला जखम न करणारा. आणि तो कामाचाही असावा, म्हणजे चेहऱ्यावर दोनदा फिरवला की दाढी स्वच्छ करणारा. या दोन्ही गोष्टी एकाच रेझरमध्ये मिळतात. नुसता मृदू पाहून घेतला तर फसगत होते, आणि ती का होते हे समजून घेण्यासारखं आहे.

रक्ताचा एक थेंब

पर्वाचे दिवस आठवा. पहिल्या कलशाची बोली घेतलेली, धोतर-दुपट्टा काढून ठेवलेला, मंदिरात वेळेवर पोचायची घाई, आणि गालावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला! अंगातून रक्त येत असताना मूर्तीला हात लावायचा नाही, अभिषेकाला उभं राहायचं नाही, हे आपल्याकडे पाळतात. तेवढ्या एका थेंबामुळे माणूस गाभाऱ्याबाहेर थांबतो. त्यात कोणाचा दोष नसतो, पण मन खट्टू होतंच.

हे झालं कधीतरीचं. रोजचा त्रास वेगळा असतो. गळ्यावर लाल पुरळ, हनुवटीखाली बारीक फोड, आत वळलेले केस. तीन, चार, पाच ब्लेडच्या कार्ट्रिजमध्ये हा त्रास जास्त दिसतो, आणि त्याचं कारण त्या रचनेतच आहे. पहिलं ब्लेड केस कापता कापता थोडा ओढून वर आणतं, मागचं ब्लेड तो आणखी खालून कापतं. मग उरलेला खुंट कातडीच्या आत जातो. केस सरळ असले तर तो पुन्हा नीट वर येतो. कुरळे असले तर आतच वळतो आणि तिथे फोड येतो. शिवाय एकदा हात फिरवला तरी पाच धारा कातडीवरून गेलेल्या असतात.

घरात सासरे किंवा वडील रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असतील तर हा विषय आणखी गंभीर आहे. त्यांचं साधं कापलेलंही लवकर थांबत नाही. हात थरथरत असेल तर त्यांना विजेवर चालणारा शेव्हरच द्यावा, असं मी स्पष्ट सांगेन. 

हा रेझर आला कुठून

पूर्वी वस्तरा होता. त्याची उघडी धार चालवायला न्हाव्याचाच हात लागे. धारेपुढे आडोसा बसवून दाढी सुरक्षित करायची कल्पना अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघाली. १८८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी तसा रेझर बाजारात आणला, पण त्याच्या पात्याला धार लावत बसावं लागे. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याने पत्र्यासारखं पातळ, दोन्ही कडांना धार असलेलं, बोथट झालं की बदलायचं ब्लेड काढलं. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि मग तो जगभर गेला.

आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या कपाटात असायचा तो रेझर हाच. त्याचे ब्लेड आपल्याकडेही बनतात, ठाण्यात त्यांचा मोठा कारखाना होता. १९७१ मध्ये दोन ब्लेडचं कार्ट्रिज आलं, २००६ पर्यंत ब्लेडची संख्या पाचवर गेली, आणि जुना रेझर मागे पडला. तो वाईट होता म्हणून नव्हे. दोन-पाच रुपयांच्या ब्लेडपेक्षा शंभरावर किंमत असलेलं कार्ट्रिज विकण्यात नफा जास्त, हे त्यामागचं साधं गणित आहे.

मृदू म्हणजे नेमकं काय

सेफ्टी रेझरचे भाग तीन: वरची टोपी, ब्लेडखालची पट्टी आणि मूठ. ब्लेड टोपी आणि पट्टीच्या मध्ये बसतं. रेझर मृदू की कडक, हे मुठीवर ठरत नाही, वरच्या दोन तुकड्यांवर ठरतं. म्हणून नक्षीदार मूठ बघून भुलू नका.

पहिली गोष्ट, धार किती बाहेर येते. टोपीच्या कडेपासून खालच्या पट्टीच्या कडेपर्यंत एक सरळ रेषा मनात ओढा. ब्लेडची धार त्या रेषेच्या जितकी बाहेर, तितका रेझर कडक. रेषेवर किंवा किंचित आत असेल तर मृदू. काकडी सोलायचं सोलाणं आठवा. पातं थोडंच वर असेल तर पातळ साल निघते, जास्त वर असेल तर काकडीच निघून येते.

दुसरी गोष्ट, धार आणि पट्टी यांच्यामधली फट. फट मोठी असली की फेस आणि केस सहज निघून जातात, पण कातडीही आत शिरते. लहान असली की सुरक्षित, पण वाढलेल्या दाढीत ती तुंबते.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ब्लेड किती घट्ट धरलेलं आहे? हे ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. टोपीने ते बाक देऊन, धारेच्या अगदी जवळ दाबून धरलं तर केस कापताना ते हलत नाही. सैल धरलं तर दर केसाला ते थरथरतं आणि ती थरथर कातडीवर उतरते. धार थोडीच बाहेर, पण ब्लेड एकदम पक्कं, असा मेळ बसला की रेझर मृदूही होतो आणि कामाचाही.

खालची पट्टी दोन प्रकारची असते. एक सलग कडेची, दुसरी कंगव्यासारख्या दातांची. रोज किंवा एक दिवसाआड दाढी करणाऱ्याला सलग कडेची बरी. वाढलेली दाढी काढायला दातांची सोयीची.

नुसता मृदू का पुरत नाही

कोणत्या विळीने बोट कापतं? धारदार विळीने क्वचित. बोथट विळीवर आपण जोर लावतो, भाजी सटकते आणि बोट जातं. रेझरचंही तसंच. फार मृदू रेझर घेतला की पहिल्या फेरीत खुंट राहतात. मग माणूस दाबतो. तेवढ्यावर भागत नाही म्हणून फेस नसलेल्या गालावर उलट्या दिशेने पुन्हा फिरवतो. चौथ्या-पाचव्या वेळेला कातडी सोलवटते. मृदू म्हणून आणलेल्या रेझरनेच रक्त निघतं, आणि घरात सगळे म्हणतात, "हे जुने रेझर असेच."

मला इथे दशलक्षण पर्वातला दुसरा दिवस आठवतो, उत्तम मार्दव धर्माचा. मार्दव हा शब्द मृदू यावरूनच आला आहे. पण मार्दव म्हणजे नरमाईने काम अर्धवट सोडणं नव्हे. मान कषाय गेला, ताठा गेला की जी मृदुता उरते ते मार्दव. त्या माणसाचं काम थांबत नाही, उलट कोणाला न दुखवता पुरं होतं. आपल्या घरातल्या समंजस सासूबाई बघा. आवाज चढवत नाहीत, पण सांगितलेलं काम झाल्याशिवाय राहत नाही. रेझरची तुलना धर्माच्या लक्षणाशी करणं काहींना खटकेल. पण यत्नाचार शिकायचा तो रोजच्या वस्तूंवरच ना? पाणी गाळताना आपण तो शिकलो, धान्य निवडताना शिकलो. तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्याही प्रमादापासूनच सुरू होते. घाईने, बेफिकिरीने, हत्यार न पारखता केलेलं काम प्रमादातच मोडतं, मग ते स्वतःच्या गालावर का असेना.

कोणता घ्यावा

मृदू पण कामाचे म्हणून जाणकार जी नावं घेतात, त्यांपैकी थोडी सांगते. जर्मनीच्या झोलिंगेन गावचा मर्कूर ३४ सी, म्युले आर ८९ आणि शेफिल्डचा एडविन जॅगर डीई ८९ हे तीन या वर्गातले परिचयाचे. शेवटच्या दोघांची डोकी जवळपास एकसारखी आहेत, म्हणून जो स्वस्त मिळेल तो घ्यावा. जपानचा फेदर एएस-डी२ आणखी मृदू. दाट, राठ दाढीला तो कमी पडू शकतो. कॅनडाचा हेन्सन एएल १३ ॲल्युमिनियमचा, वजनाला हलका. त्यात धार अगदी थोडी बाहेर येते आणि ब्लेड फार पक्कं धरलेलं असतं. नवशिक्याला तो सोपा जातो, कारण रेझर कोणत्या कोनात धरायचा हे त्याचं डोकंच दाखवून देतं.

घरात बाप-लेकाची दाढी वेगवेगळ्या जातीची असेल तर रॉकवेल ६ सी सारखा रेझर सोयीचा. त्यात तीन उलटसुलट पट्ट्या मिळतात, म्हणजे सहा पायऱ्या. एक नंबर सगळ्यात मृदू, सहा नंबर सगळ्यात कडक. सुरुवात दोन-तीनपासून करावी.

एक नाव टाळायसाठी लक्षात ठेवा, म्युले आर ४१. आर ८९ चाच भाऊ वाटतो, मूठही तशीच, पण तो फार कडक आहे. नुसतं कंपनीचं नाव सांगून कोणाला आणायला पाठवलं तर हा हातात पडायचा. पूर्ण क्रमांक लिहून द्या.

परदेशी रेझर महाग वाटतात आणि ते आहेतही. आपल्या देशात बनलेले धातूचे रेझर काही शे रुपयांपासून मिळतात. त्यातही वर सांगितलेल्या तीन गोष्टी तपासायच्या. ब्लेड लावून, दिव्याखाली धरून, बाजूने बघा. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी दिसली तर परत करा. सगळ्यात आधी मात्र माळ्यावरचा डबा उघडून बघा. आजोबांचा पितळी रेझर सापडला, टोपी वाकलेली नसली, तर कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा आणि नवं ब्लेड लावा. नवीन काही घ्यायची गरजच राहणार नाही.

ब्लेडबद्दल एकच सांगते. मृदू रेझरमध्ये ब्लेड धारदारच हवं. बोथट ब्लेड लावलं की पुन्हा जोर लावणं आलं. चार-पाच दाढ्या झाल्या, केस ओढल्यासारखे वाटले, की बदला. दोन-पाच रुपयांच्या ब्लेडवर काटकसर करू नका. धार टॉवेलने पुसूही नका, नुसती पाण्याने धुऊन झटका.

साबण आणि ब्रश: इथे मात्र डोळे उघडे ठेवा

रेझर धातूचा, त्यात आपल्याला शंका घ्यायचं कारण नाही. खरा प्रश्न त्याच्या सोबत्यांचा आहे.

दाढीचा भारी ब्रश म्हणून ज्याचं कौतुक होतं तो बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा असतो. स्वस्त ब्रश बऱ्याचदा डुकराच्या केसांचा, काही घोड्याच्या. पाकिटावर "नॅचरल ब्रिसल" असं गोंडस नाव असतं. एरवी नॅचरल म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, इथे तोच शब्द धोक्याचा. आपल्याला सिंथेटिक ब्रशच हवा. तो कमी प्रतीचा मुळीच नाही. लवकर वाळतो, साबण कमी खातो, वास धरत नाही.

साबणाच्या डबीवर "सोडियम टॅलोएट" किंवा "टॅलो" लिहिलं असेल तर ती जनावराची चरबी. परदेशातले कितीतरी नावाजलेले दाढीचे साबण चरबीचेच असतात. "सोडियम पामेट", "सोडियम कोकोएट" म्हणजे ताडतेल आणि खोबरेल. "लॅनोलिन" मेंढीच्या लोकरीतलं. काही कार्ट्रिजवर जी बुळबुळीत पट्टी असते तिच्यातही ते असू शकतं. "बीजवॅक्स" किंवा "सेरा अल्बा" म्हणजे मेण, मधमाशीचं. "स्टिअरिक ॲसिड" आणि "ग्लिसरीन" वनस्पतीचंही असतं, चरबीचंही. तिथे हिरवा ठिपका किंवा "व्हेजिटेबल" असा स्पष्ट शब्द शोधा. सगळ्या डब्यांवर ठिपका दिसतोच असं नाही, म्हणून वाचणं सुटत नाही. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, ही समाधानाची गोष्ट. पण चाचणी नाही म्हणजे चरबी नाही, असं समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका तांब्यात दाढी

आता पाणी. नळ सोडून दाढी करणाऱ्याला आपल्या धर्मात एक नेमका शब्द आहे: प्रमादचर्या. कारण नसताना पाणी सांडणं, हा अनर्थदंडाचा एक प्रकार. सेफ्टी रेझरने दाढी एका तांब्यात होते. गाळलेलं कोमट पाणी घ्यायचं. आधी दोन-तीन मिनिटं चेहरा ओला ठेवायचा, म्हणजे केस नरम होतात. ही दोन मिनिटं वाचवायला गेलं तर उत्तम रेझरही बिचारा होतो. ब्रशने फेस करायचा. टोपी गालाला टेकवून मूठ आधी काटकोनात आडवी धरायची आणि हळूहळू खाली आणायची. धार टेकल्याचं जाणवलं की तोच कोन. जोर लावायचा नाही, रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. पहिल्यांदा केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवं. गळ्यावर केसांची दिशा बदलते, ती आधी तळहाताने चाचपून बघायची. रेझर वाटीतल्या पाण्यात बुडवून हलवायचा, नळाखाली धरायचा नाही. शेवटी गार पाणी आणि ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा. अल्कोहोलच्या आफ्टरशेव्हची गरज पडत नाही.

पर्युषणात, दशलक्षणात काही घरांत पुरुष दाढी करत नाहीत. दहा दिवसांत केस तीन-चार मिलिमीटर वाढतात. व्रत सुटल्यावर तशा दाढीवर एकदम मृदू रेझर फिरवला तर तो तुंबणार, आणि मग खेचाखेच. आधी कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करून घ्यायची, मगच रेझर. क्षमावाणीच्या दिवशी समाजात मिसळायचं असतं, त्याच सकाळी चेहरा सोलवटून घेऊ नये.

आणि आपलं स्वतःचं काय

मैत्रिणींनो, हा रेझर फक्त पुरुषांचा नाही. पार्लरमधल्या काही वॅक्समध्ये मध असतो. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हा तर आपल्या मूलगुणांचा पाया. मध खायचा नाही तर अंगाला का लावायचा, हा प्रश्न माझ्या मनात येतो. हात-पाय, काखा यांच्यासाठी मृदू सेफ्टी रेझर अगदी चांगला चालतो. बायकांसाठी वेगळा रेझर १९१५ पासून निघाला, आणि आज तर गुलाबी रंगाचे जास्त पैसे घेतात. ब्लेडला रंग कळत नाही. रेझर लावला की केस जाड येतात, ही समजूत खरी नाही. केसाचं निमुळतं टोक कापलं जातं म्हणून तो येताना राठ लागतो, इतकंच. काखेत कातडी ताणून, हात वर धरून, हळू फिरवा.

फक्त नवऱ्याचा रेझर वापरू नका आणि आपला देऊ नका. रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारखे रोग असे एकाचे दुसऱ्याला लागू शकतात. सलूनमध्ये जाणाऱ्या मुलांनाही सांगा, वस्तऱ्यात नवीन अर्धं ब्लेड आपल्यासमोर लावून घ्या.

वापरलेलं ब्लेड

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. जुनं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतात. तो कागद ओला होतो, फाटतो, आणि सकाळी कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात ब्लेड शिरतं. नाहीतर उष्ट्या अन्नाबरोबर गाईच्या तोंडात जातं. अनर्थदंडात हिंसादान सांगितलं आहे, म्हणजे दुसऱ्याच्या हाती घातक वस्तू देणं. आपण हेतूने देत नाही, पण देतोच. पत्र्याचा जुना डबा घ्या, झाकणाला बारीक चीर पाडा, झाकण चिकटवून टाका. वापरलेली ब्लेड त्यात टाकत जा. एवढासा डबा वर्षानुवर्षं पुरतो. भरला की भंगारवाल्याला सांगून द्या. ते नुसतं स्टील आहे, पुन्हा वितळतं. कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक आणि स्टील एकमेकांत अडकलेलं असतं, ते सहसा कोणी वेगळं करत बसत नाही.

एकच रेझर

या विषयाचा एक मोहही आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. चांगला रेझर मिळाला की मंडळींना छंद लागतो. दुसरा घेतात, पितळेचा बघतात, जुन्या बाजारातला शोधतात, साबणांच्या डब्या मांडतात. आपल्या मुनी-आर्यिका दोन ते चार महिन्यांनी हाताने केशलोच करतात. वस्तरा जवळ ठेवला तर तो परिग्रह, आणि दुसऱ्याकडे मागितला तर दैन्य, म्हणून त्यांनी साधनच ठेवलं नाही. आपल्याला ते झेपणार नाही, आपण गृहस्थ आहोत. पण निदान एका चेहऱ्याला एक रेझर, इतकी मर्यादा तर घालता येईल? पूर्ण धातूचा चांगला रेझर नीट ठेवला तर जन्मभर टिकतो. तो पारखून एकदाच घ्यावा आणि मग विषय संपवावा.

"कार्ट्रिज सोपं पडतं, सकाळी वेळ कुणाला आहे?" असं घरातून उत्तर येईल. खरं आहे, पहिले पंधरा दिवस चार मिनिटं जास्त लागतात. मग हात बसतो. घरातल्या मुलाला मिसरूड फुटली असेल तर त्याच्यापासूनच सुरुवात करा. त्याला अजून कोणती सवय लागलेली नाही. मृदू रेझर, सिंथेटिक ब्रश, चरबी नसलेला साबण, एक तांब्या पाणी आणि ब्लेडचा डबा एवढं त्याच्या हाती द्या, आणि जोर लावायचा नाही एवढंच सांगा.

जय जिनेंद्र.